आरोपी क्रमांक ९, साक्षीदार क्रमांक ३

१९ डिसेंबर २०२४ ला आमच्या पतसंस्थेच्या खटल्याचा निकाल लागला. मी त्या संस्थेत अकरा वर्षं कॅशिअर होते. गुन्हा दाखल झाला तेव्हा माझं नाव आरोपींच्या यादीत नवव्या क्रमांकावर होतं आणि खटला उभा राहिला तेव्हा मी सरकार पक्षाची तिसरी साक्षीदार होते. मधल्या काळात काय काय झालं ते सगळं इथे लिहून ठेवतेय. २०१८ साली रात्र रात्र जागून मी मोबाईलवर 'माफीचा साक्षीदार' शोधत होते, म्हणजे गुन्ह्यात सामील असूनही सगळं खरं सांगण्याच्या अटीवर ज्याला न्यायालय माफी देतं असा आरोपी. कुणाला माफी मिळाली याच्या बातम्या सापडायच्या, पण त्या माणसाने अर्ज कुठे केला, किती तारखांना उभा राहिला, घरी काय सांगितलं, हे कुठेच मिळत नव्हतं. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहितेय ते माझ्या वकीलमॅडमनी मला वहीत उतरवून घ्यायला लावलेलं आहे. तुमच्या प्रकरणात तुमच्या वकिलांचा शब्द धरा.

गुन्हा काय होता ते आधी सांगते. नावं देत नाही. कर्जदार नसलेल्या माणसांच्या नावावर कर्जं काढली होती, मुदत ठेवींच्या दुबार पावत्या होत्या आणि रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, खोट्या नोंदी होत्या. त्या नोंदी माझ्या हातच्या होत्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर तीन आठवडे आम्ही संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून मागच्या तारखांच्या पावत्या लिहीत बसायचो. मॅनेजर सांगायचे, मी लिहायचे. हे चुकतंय हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मार्च २०१८ मध्ये पैसे देणं बंद झालं. लेखापरीक्षण झालं आणि १४ सप्टेंबर २०१८ ला, ऋषिपंचमीच्या दिवशी, लेखापरीक्षकांच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल झाला. भारतीय दंड संहितेची कलमं ४०९, ४२०, ४६७, ४६८, ४७१, ४७७-अ आणि १२०-ब, म्हणजे विश्वासघात, फसवणूक, बनावट कागद, खोटे हिशेब आणि कट. घरात गणपती बसलेला आणि दारात शेजारच्या काकू उभ्या. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दोन लाख आमच्याकडे अडकले होते. त्या ओरडल्या नाहीत. "तू होतीस ना गं खिडकीवर," एवढंच म्हणाल्या.

पहिलं काम जामिनाचं

अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात अर्ज केला. २२ ऑक्टोबरला अंतरिम संरक्षण मिळालं, २९ नोव्हेंबरला ते कायम झालं. पंचवीस हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार आणि दर सोमवारी अकरा ते दोन पोलीस ठाण्यात हजेरी. दादाने आपला सातबारा घेऊन जामीनदार म्हणून सही केली. पोलिसांनी कागदोपत्री अटक दाखवून त्याच दिवशी सोडलं. वकिलांची फी ३० हजार झाली, ती मंगळसूत्राच्या वाट्या ठेवून भरली. पुढे एका बाईने तालुक्याच्या कोर्टात सांगितलं की महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अटही नसते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तशी तरतूद आहे. मला ते आधी माहीत असतं तर वाट्या गळ्यात राहिल्या असत्या. तुम्ही बाई असाल तर आधी त्या कार्यालयात जा. ते बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

जामिनाचा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि माझ्या बाबतीत तो केवळ नशिबाने बरोबर पडला. माफी स्वीकारली तेव्हा तुम्ही जामिनावर नसाल, तर खटला संपेपर्यंत कोठडीतच राहावं लागतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ च्या चौथ्या पोटकलमात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. लोकांना वाटतं माफी मिळाली की माणूस त्याच दिवशी मोकळा. मी आधी जामीन घेतलेला नसता तर निकालापर्यंतची साडेपाच वर्षं आत गेली असती.

"आरोपीला गप्प बसता येतं"

जानेवारी २०१९ मध्ये तपासी अंमलदार वकीलमॅडमना म्हणाले, "तुमच्या ताईंना सगळं माहीत आहे. साक्षीदार होतील का, विचारा." मला वाटलं, आत्तापर्यंत सोमवारी सोमवारी जे सांगत होते तेच कोर्टात सांगायचं. मॅडमनी मला खाली बसवलं आणि पाऊण तास समजावलं.

राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कुठल्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. मी आरोपी होते, म्हणजे मी गप्प बसू शकत होते आणि त्या गप्प बसण्याचा कुणी माझ्याविरुद्ध उपयोग करू शकला नसता. साक्षीदाराला ही मुभा नसते. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १३२ नुसार प्रश्न खटल्याशी संबंधित असेल तर 'उत्तर दिलं तर मी अडकेन' म्हणून साक्षीदाराला उत्तर टाळता येत नाही. त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, त्याला उलट बाजूने संरक्षण देतं. असं भाग पाडून घेतलेल्या उत्तरावरून त्याला अटक करता येत नाही, खटला चालवता येत नाही आणि ते उत्तर दुसऱ्या फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. अपवाद एकच, खोटी साक्ष.

मी विचारलं, "मग हेच पुरे नाही का? माफी कशाला?"

"कारण तिथे फक्त तुमचं उत्तर वापरता येत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "रोजकीर्दीतलं तुमचं अक्षर आहे, हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल आहे, दुसऱ्यांचे जबाब आहेत. त्यांवर गुन्हा उभा राहू शकतो. आणि तुम्ही आत्ता साक्षीदार नाहीच, आरोपी आहात. माफी मिळाली तर त्या गुन्ह्यासाठी तुमच्यावर खटलाच चालत नाही. पण तिची किंमत मोठी आहे. गुन्ह्याबद्दल तुम्हाला माहीत असलेली सगळी परिस्थिती आणि त्यात असलेला प्रत्येक माणूस, पूर्ण आणि खरं सांगायचं. स्वतःसकट."

'पूर्ण आणि खरं' हे शब्द मी वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली. तरी एक गोष्ट मी त्या दिवशी मॅडमना सांगितली नाही. जानेवारी २०१६ ते फेब्रुवारी २०१८, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मॅनेजर मला एक पांढरं पाकीट द्यायचे. तीन हजार रुपये. सव्वीस महिने. हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

गावात या शब्दाचा अर्थ

आमच्याकडे 'माफीचा साक्षीदार' म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. तरुणांना २६/११ च्या हल्ल्याच्या कटातला डेव्हिड हेडली. १० डिसेंबर २०१५ ला मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याने अमेरिकेतून व्हिडिओवरून साक्ष दिली, तेव्हा हा शब्द रोज टीव्हीवर होता. आणि म्हाताऱ्यांना बडगे. माझ्या सासऱ्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं ते नाव घेतलं, म्हणून मी त्याबद्दल वाचलं. दिगंबर बडगे पुण्यात शस्त्रं विकायचे. गांधीहत्येच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यात ते माफीचे साक्षीदार झाले. फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यायाधीश आत्माचरण यांनी निकाल दिला. बडगेंची साक्ष त्यांना खरी वाटली होती, तरी एका आरोपीच्या बाबतीत त्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा नव्हता म्हणून त्या आरोपीला त्यांनी निर्दोष सोडलं.

सासऱ्यांच्या तोंडी ते नाव चांगल्या अर्थाने आलं नव्हतं. मला मात्र वाचून एक गोष्ट समजली आणि ती पुढे फार उपयोगी पडली. माझ्या एकटीच्या बोलण्यावर कुणी सहजासहजी तुरुंगात जात नाही. गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाची साक्ष न्यायालय दुजोऱ्याशिवाय सहसा धरत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीला कागद कुठे आहे हे मला आठवायला हवं होतं. मी एक वही केली. तारीख, काय लिहिलं, कोणी सांगितलं, तिथे आणखी कोण होतं आणि कागद कोणत्या फाइलला आहे. ही वही मी फक्त वकीलमॅडमना दाखवली.

चोवीस तास

११ फेब्रुवारी २०१९, सोमवार. कलम १६४ चा कबुलीजबाब द्यायला शेजारच्या तालुक्याच्या न्यायालयात गेले. न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये मी, न्यायाधीश मॅडम आणि एक लघुलेखक. पोलिसांना त्यांनी बाहेर, इमारतीच्याही बाहेर पाठवलं. त्यांचे प्रश्न मला अजून पाठ आहेत. पोलिसांनी मारलं का, धमकावलं का, काही देतो म्हणाले का, कुणाच्या सांगण्यावरून आलात. मग त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्ही कबुली द्यायला बांधील नाही. दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते. नाही म्हणालात तर त्या कारणाने मी तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात देणार नाही. उद्या याच वेळी या. तोवर विचार करा."

हे चोवीस तास औपचारिकता म्हणून असतात असं मी ऐकलं होतं. माझ्यासाठी ते तसे नव्हते. वडापच्या जीपमधून परत येताना मला कळलं की मी उद्या सगळ्यांचं सगळं सांगणार आहे आणि स्वतःची सव्वीस पाकिटं तेवढी ठेवणार आहे. कायद्याचा भाग वकीलमॅडमनी आधीच सांगून ठेवला होता. माफी घेतलेल्या माणसाने महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली तर सरकारी वकील तसं प्रमाणपत्र देऊ शकतात. मग कलम ३०८ प्रमाणे मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर वेगळा खटला चालतो आणि त्याने दिलेला हाच कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा होतो. अर्धवट बोलण्यापेक्षा तोंड न उघडलेलं परवडतं. पण मला जास्त भीती स्वयंपाकघराची होती. सासूबाईंचे दीड लाख त्याच पतसंस्थेत होते, माझ्याच खिडकीवर भरलेले.

रात्री जेवणं झाल्यावर मी यांना आणि सासूबाईंना सांगितलं. आधी आकडा सांगितला, मग बाकीचं. ७८ हजार. हे बराच वेळ ताटातल्या पाण्यात बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "फ्रीज?" मी म्हटलं, हो. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. देवापुढचा दिवा शांत करून आत गेल्या. सकाळी साडेपाचला उठले तेव्हा माझा डबा भरून ओट्यावर ठेवलेला होता.

सकाळी फोनवर वकीलमॅडमना सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प होत्या. "हे आज जबाबात यायलाच हवं," म्हणाल्या. १२ फेब्रुवारीला कबुलीजबाब झाला. साडेचार तास, एकोणीस पानं. पाकिटांचा मजकूर सहाव्या पानावर आहे. प्रत्येक पानावर सही करण्याआधी पूर्ण वाचा. माझ्या जबाबात एके ठिकाणी 'चेअरमन' ऐवजी 'मॅनेजर' असं टंकलं गेलं होतं. मी दाखवलं, न्यायाधीश मॅडमनी दुरुस्ती करून बाजूला सही केली. तसंच राहिलं असतं तर उलटतपासात त्या एका शब्दावर अर्धा दिवस गेला असता.

माफीचा अर्ज

तपास चालू असताना माफी द्यायचा अधिकार तालुक्याच्या न्यायाधीशांना नसतो. अर्ज जिल्ह्याला, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. गुन्हाही तेवढा गंभीर लागतो, सात वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त शिक्षेचा. आमच्यावर ठेवीदार संरक्षण कायद्याचं कलम लावलेलं नव्हतं. लागलं असतं तर खटला विशेष न्यायालयात गेला असता आणि वाट वेगळी झाली असती.

तपासी अंमलदारांनी सरकारी वकिलांमार्फत मार्च २०१९ मध्ये अर्ज दिला. सोबत माझं संमतीचं प्रतिज्ञापत्र. मग लोकसभेची निवडणूक आली, अंमलदार बंदोबस्तावर. एक तारीख त्यात गेली, दुसरी मे महिन्याच्या सुट्टीत, तिसऱ्या तारखेला तपासाचे कागद आले नव्हते. दर तारखेला शेहेचाळीस किलोमीटर जायचं, अकरा वाजता हजर राहायचं, साडेचारला पुढची तारीख घेऊन परत यायचं. तेव्हा ई-कोर्ट्स ॲप माहीत नव्हतं. आता सांगते, प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक वकिलांकडून घेऊन ठेवा. आदल्या संध्याकाळी तारीख आणि टप्पा बघता येतो.

२ जुलै २०१९ ला मुख्य न्यायदंडाधिकारी साहेबांनी मला समोर बोलावलं. पुन्हा तेच विचारलं, कुणी भाग पाडलं का. मग अट वाचून दाखवली. "मान्य आहे का?" मी "हो" म्हटलं. आवाज इतका लहान निघाला की त्यांनी परत विचारलं. आदेशात त्यांनी माफी का देतोय याची कारणं लिहिली आणि मी ती स्वीकारली हे नोंदवलं, माझी सही घेतली. सगळं वीस मिनिटांत झालं. बाहेर पायऱ्यांवर बसून मी आदेशाची साधी प्रत वाचत होते. हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण हात थरथरत होते. नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज टाका. प्रमाणित नक्कल मला नऊ दिवसांनी मिळाली आणि पुढे तिच्या किती झेरॉक्स काढल्या याला गणती नाही.

गावात बातमी पोचायला दोन दिवस लागले. कुणीतरी आमच्या दारासमोर मोटारसायकल लावून रात्री बसू लागलं. वकीलमॅडमनी साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करायला लावला. सर्वोच्च न्यायालयाने ही योजना डिसेंबर २०१८ मध्येच मान्य केली होती, त्यामुळे ठाण्यातही ती फारशी कुणाला ठाऊक नव्हती. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती यावर निर्णय घेते. आम्हाला तीन महिने रात्रीची गस्त मिळाली. मोटारसायकल दुसऱ्याच आठवड्यात यायची थांबली. घाबरून घरात बसू नका, अर्ज करा आणि पोच घ्या.

ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला आणि सगळंच थांबलं. दोषारोपपत्र नोव्हेंबर २०१९ मध्ये तालुक्याच्या न्यायालयात दाखल झालं. आरोपींच्या यादीत तेरा नावं होती. माझं नाव साक्षीदारांच्या पानावर होतं.

दोनदा साक्ष

माफीच्या साक्षीदाराला दोनदा साक्ष द्यावी लागते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक गुन्ह्याची दखल घेणाऱ्या न्यायाधीशांसमोर, दुसरी प्रत्यक्ष खटल्यात. पहिली माझी १८ आणि २० फेब्रुवारी २०२० ला झाली, मध्ये शिवजयंतीची सुट्टी होती. ती झाल्यावर कायद्याप्रमाणे खटला तालुक्यातून मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वर्ग झाला. आदेश मार्चमध्ये झाला आणि लगेच टाळेबंदी लागली. कागद जिल्ह्याला पोचायला जानेवारी २०२१ उजाडला.

याच काळात एक वेगळी गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. आमच्याच संस्थेच्या एका कर्जदाराने केलेल्या दुसऱ्या खटल्यात मला साधी साक्षीदार म्हणून समन्स आलं. मला वाटलं, माफी आहे, काय घाबरायचं. मॅडम म्हणाल्या, "माफी त्या एका गुन्ह्यापुरती. हे प्रकरण निराळं आहे. इथे तुमच्याकडे फक्त कलम १३२ आहे." २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमातलं संरक्षण उदारपणे वाचायला हवं असं म्हटलं आहे, साक्षीदाराने आधी हरकत घेतली नाही म्हणून ते जात नाही, हे त्यांनी सांगितलं. तरी सुरक्षित म्हणून काय बोलायचं ते शिकवून ठेवलं. व्हाउचर समोर ठेवून वकिलांनी विचारलं, "हे अक्षर तुमचं का?" मी न्यायाधीशांकडे बघून म्हटलं, "साहेब, याचं उत्तर दिलं तर मी गुन्ह्यात अडकू शकते, म्हणून मला संरक्षण असावं." त्यांनी ते नोंदवलं आणि म्हणाले, उत्तर द्यावं लागेल. मी दिलं. अक्षर माझंच होतं. पुढे त्या उत्तरावरून मला कुणी काही विचारलं नाही.

मुख्य खटल्यात दोषारोप निश्चित व्हायला जून २०२२ लागला. त्याआधी एसटीचा संप होता, तेव्हा दोन तारखांना वडापने गेले. २१ नोव्हेंबर २०२२ ला शिपायाने माझ्या नावाचा पुकारा केला. सरतपास दोन दिवस चालला. सरकारी वकिलांनी कागद दाखवायचे, मी ओळखायचे, त्यांना निशाणी पडायची. वहीमुळे मला बहुतेक तारखा आठवत होत्या. जिथे आठवलं नाही तिथे 'आठवत नाही' म्हटलं. अंदाजाने तारीख सांगू नका. माझी आधीची साक्ष आणि कबुलीजबाब समोरच्यांच्या हातात होते आणि तिन्हींमधला प्रत्येक फरक ते मोजत होते.

उलटतपास पाच वकिलांनी घेतला. नऊ तारखा. शेवटची १३ एप्रिल २०२३. घसा कोरडा पडायचा म्हणून मी खडीसाखर ठेवायचे, पण पिंजऱ्यात ती तोंडात ठेवायची नाही हे एकदा ऐकून घेतलं. मला सगळ्यात जास्त धाक होता चेअरमनच्या वकिलांचा. चौथ्या तारखेला त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "दिवाळी २०१७ मध्ये आपण रोखीने फ्रीज घेतलात. चोवीस हजारांचा. आपला पगार तेव्हा अकरा हजार. खरं?"

"खरं."

"पैसे कुठून आले?"

"मॅनेजर दरमहा पाकीट द्यायचे त्यातून."

ते थांबले. पुढचा प्रश्न त्यांनी कागदावर आधीच लिहिलेला होता, मला दिसत होता. मी पाकीट नाकारेन आणि मग ते फ्रीजची पावती काढतील, असं त्यांनी धरलेलं असावं. पण ते सहाव्या पानावर चार वर्षांपूर्वीच आलं होतं. मागच्या बाकावर हे बसले होते. त्यांच्यासमोर, गावातल्या दहा-बारा ठेवीदारांसमोर ते पुन्हा बोलताना माझे पाय कापले. पण त्यानंतर 'ही बाई स्वतःला वाचवायला दुसऱ्यांवर ढकलते' या वाटेने ते फार पुढे गेले नाहीत.

साक्षीला येण्याजाण्याचा भत्ता मिळतो. तो मागावा लागतो, हजेरीच्या दिवशीच. मला तिसऱ्या तारखेला कळलं. शेवटच्या तारखांना एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, सत्तरच्या जागी पस्तीस, त्याचाही आधार वाटला.

निकाल, आणि जे माफीत येत नाही

निकालात पाच जणांना शिक्षा झाली, आठ सुटले. सुटलेल्यांपैकी दोघांबद्दल माझ्या साक्षीशिवाय काही कागद नव्हता, आणि निकालपत्रात तसंच लिहिलं आहे. मला वाईट वाटलं, कारण मी खरं सांगितलं होतं. पण एका सामील माणसाच्या शब्दावर कुणाला आत टाकू नये हा नियम मला पटतो. माझ्या जागी खोटं बोलणारी कुणी असती तर?

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आहेत. माफीची कलमं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३४३ ते ३४५ ला आहेत आणि साक्षीदाराच्या उत्तराचं संरक्षण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३७ मध्ये. आमचा खटला आधीचा, म्हणून जुन्याच कलमांनी संपला.

माफी फौजदारी गुन्ह्यापुरती असते. नोकरी गेली ती गेली. सहकार कायद्याच्या कलम ८८ ची नोटीस मलाही आली, कारण संस्थेच्या नुकसानीची वसुली ही वेगळी गोष्ट आहे. माफीचा आदेश जोडून मी उत्तर दिलं, तेव्हा चौकशी अधिकारी शांतपणे म्हणाले, "याचा इथे उपयोग नाही." माझ्यावर ७८ हजार आणि त्यावरचं व्याज अशी जबाबदारी निघाली. मी हरकत घेतली नाही. शिवणकामातून महिन्याला तीन हजार भरायचं ठरवलं. तेवढाच आकडा मी मुद्दाम धरला.

शिक्षा झालेल्यांनी सत्र न्यायालयात अपील केलं आहे, त्यामुळे फाइल अजून कपाटात वरच्या कप्प्यात आहे. शेजारच्या काकूंना त्यांच्या दोन लाखांतले साठ हजार मिळालेत, सासूबाईंना काहीच नाही. पहिला हप्ता भरायला अवसायकांच्या, म्हणजे बंद संस्थेचे व्यवहार मिटवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात गेले तेव्हा तिथल्या मुलाने पावतीपुस्तक उघडलं आणि विचारलं, "ठेव की कर्ज?" मी म्हटलं, "दोन्ही नाही. परतफेड लिहा." त्याला तो रकाना सापडेना. शेवटी त्याने 'इतर जमा' मध्ये लिहून पावती फाडून दिली, ती मी माफीच्या आदेशाच्या नकलेमागे लावली आहे.